गोड बोलणाऱ्या ग्रेडरची कैफियत

मु. देवगाव फाटा

रा. रा. बन्सीधरराव यांस चंद्रभानचा रामराम.

राणीसावरगावात सगळे खुशाल असतील. तुमची कंबर आता कशी आहे? (पोती उचलू नका म्हटलं होतं, पण दाजीचं ऐकतो कोण!) तुमची बहीण राजेश्री रागावून तिकडे आली आहे. तिने काय सांगितलं असेल ते असो, पण दोष माझा नाही, आमच्या कापसाच्या जिनिंगचा आहे.

मी तिथला ग्रेडर. कापसात हात घालायचा, तोंड वाकडं करायचं आणि "ओला हाय, किडकी कवडी लय हाय" म्हणायचं, हीच माझी भाकरी. मालकांनी पुण्याहून निकिता मॅडम आणल्या. कामगाराच्या मनातले चांगले गुण हेच कारखान्याचं खरं भांडवल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या चाचणीत वॉचमन परमेश्वरमध्ये पडून पुन्हा उभं राहण्याची ताकद निघाली, म्हणून त्याची खुर्ची काढून घेतली. माझ्यात कौतुक करण्याची क्षमता निघाली (इतकी वर्षं कुठे दडली होती देव जाणे) आणि मला खोट काढायची बंदी झाली. घरीही सराव करा, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोरीच्या छबूबाई कापूस घेऊन आल्या. मी मूठभर हातात घेऊन म्हणालो, वा, असा कापूस पाहायला भाग्य लागतं! बाईने कमरेवर हात ठेवले. "चंद्रभान, कापूस बघायलास का सोयरीक जमवायलास? खरं सांग, काट्यात काय घोळ केलाय?" आणि टेम्पो वळवला. मागच्या गाड्याही वळल्या. ग्रेडर नावं ठेवत नाही म्हणजे काटा मारतो, हे तालुकाभर झालं. ओसाड आवार पाहून मॅडमनी तिथल्या शांततेचं अभिनंदन केलं. मालकांना रडू फुटलं, त्यांना परमेश्वरने उभ्याउभ्याच धीर दिला. शेवटी मालकांनी माझ्यापुढे हात जोडले, "बाबा, खोट काढ, पण गाड्या आण." काढली. गाड्या आल्या. कामावरचं निभावलं, घरचं तेवढं बिघडून बसलं.

वहिनींना नमस्कार.

आपला,
चंद्रभान

ता. क. राजेश्रीला आणून सोडा. घर खायला उठतंय.

आणखी ता. क. कौतुक केलं म्हणून ती संशय घेऊन गेली. तिला सांगा, त्या दिवशीची भाजी खारटच होती. आजवर तोंडाने कधी वा म्हटलं नाही, पण ताटात कधी शिल्लकही ठेवलं नाही. तिने यावं. पहिल्याच जेवणाला नावं ठेवीन, शब्द देतो.