एल्बियाच्या बाजूचं हँडल

कार्मेलो, रविवार सकाळ

प्रिय ऑर्फिलियाताईस,

धाकट्या दार्दोचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? विल्मारभाऊजींचा खोकला गेला, की सिगारेटी परत आल्या? एल्बिया आणि मी दोघं ठणठणीत आहोत. माझ्या हातांवर चोचीच्या खुणा आहेत, पण ते पुढे येईलच.

आपल्या बाबांची गाडी आता पळते. इंजिन झालं, गाद्या झाल्या, रंगही तोच हिरवा मिळाला. राहिलं होतं फक्त एक बोटभर लांबीचं हँडल, एल्बियाच्या बाजूच्या दाराचं, आतलं. ते नसल्यामुळे तिला आतून उतरता येईना. दर वेळी मी उतरायचं, पुढून वळसा घालायचा आणि बाहेरून दार उघडायचं. पाऊस असो, ऊन असो. त्या हँडलासाठी मी आठ महिने वणवण केली. मोंतेविदेओच्या रविवारच्या बाजारात तीनदा गेलो (एकदा हँडलाऐवजी पितळी घंटा घेऊन आलो, तो विषय आपल्या घरात काढायचा नाही). एका भंगारवाल्याने तर शपथेवर अगदी तस्सं म्हणून जे दिलं, ते शेगडीच्या दाराचं निघालं.

शेवटी गेल्या मंगळवारी नुएवा पाल्मिराच्या रस्त्यावर, वाल्देमार नावाच्या एका म्हाताऱ्या नावाड्याच्या अंगणात, मला ते दिसलं. कोंबड्यांच्या खुराड्याला कडी म्हणून बसवलेलं! मी तिथेच टोपी काढली.

"नेशील रे, पण खुराडं काय तुझ्या टोपीनं बंद करू?" म्हातारा म्हणाला.

"काका, नवीकोरी कडी आणून बसवून देतो."

"माझ्या कोंबड्यांना नवं काही चालत नाही. बायकोसारख्या आहेत."

तरी मी गावात जाऊन कडी आणली. पण ताई, आधी नवी बसवावी आणि मग जुनी काढावी, एवढी अक्कल मला कुठली? हँडल हातात आलं आणि चौदा कोंबड्या रस्त्यावर. पाल्मिराची बस थांबली. उतारू खाली उतरले. निम्मे पकडायला, निम्मे मला शिकवायला. एक कोंबडी आपल्या गाडीत शिरून नव्या गादीवर बसली आणि तिने तिथे काय केलं ते लिहीत नाही. दुपारपर्यंत तेरा मिळाल्या. चौदावी आपणहून आली, तेव्हा म्हातारा इतका हसत होता की त्याने हँडल फुकट दिलं, वर डझनभर अंडी.

शनिवारी सकाळी बसवू म्हणून हँडल खिशात ठेवलं. पण सकाळीच एल्बियाला चर्चच्या बाजारात जायचं होतं. पोचलो, सवयीने उतरलो, वळसा घातला, दार उघडलं. एल्बियाने आधी एक पाय टेकवला, मग माझा हात धरला, आणि राणीसारखी उतरली. समोर पेर्ला शेजारीण पाहत उभी.

"बाई, किती गं करतो तुझं!" पेर्ला म्हणाली.

"त्याला सवयच आहे," एल्बिया म्हणाली.

ताई, या आठ महिन्यांआधी एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी एकदाही दार उघडलं नव्हतं. खिशातलं हँडल मी मुठीत दाबून धरलं आणि तिच्यासाठी भोपळे निवडायला गेलो. हँडल बसवलेलं नाही. बसवणारही नाही. फार बरं चाललं आहे आमचं.

तुझा,
दार्दो

ता. क. पत्र लिहून झालं. शर्टाचं बटण तुटलं म्हणून एल्बियाच्या शिवणाच्या डब्यात हात घातला, तर तळाशी फडक्यात गुंडाळलेलं गाडीचं मूळ हँडल. तेल लावून पुसलेलं! आठ महिने मी शोधायला निघालो की बाई मला जेवणाचा डबा भरून देत होती आणि दारातून "आज नक्की मिळेल हं" म्हणत होती. मी होतं तसं, गाठसुद्धा तशीच मारून, परत ठेवलं.

ता. क. दुसरा. माझं हँडल लपवायला या घरात जागा नाही, ती कोपरान् कोपरा झाडते. पाकीट एवढं जड का, ते तुला आता कळलं असेल. नीट ठेव. भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस, ते कशाला तरी बसवतील. आणि एल्बियाचा फोन आला तर म्हण, "दार्दो अजून शोधतोय बिचारा."