घरगाडीतली साय

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
११ जानेवारी २०२५

ती. रोहिणीवहिनींस,

नमस्कार. मुकेशदादांना आणि आईंना माझा नमस्कार सांगा. इकडे आम्ही सगळे ठीक. तुम्ही कशा आहात ते विचारत नाही, रोज स्टेटसवर दिसतंच.

पत्र बघून हसाल. आजकाल कोण पत्र लिहितं? पण तुम्ही गाडीत फोन उचलला की स्पीकर लावता, आणि माझा आवाज अख्ख्या कॅरव्हॅनभर फिरतो. मग मी 'जेवलात का, हवा कशी आहे' एवढं बोलून फोन ठेवते. कुरिअरने फ्रीजचं सामान पाठवायचंच होतं, म्हटलं त्यातच दोन कागद टाकू. गोकर्णला तुम्ही ज्या लॉजच्या अंगणात गाडी लावणार आहात, त्याच पत्त्यावर पाठवतेय.

पिशवीत दाराचं रबर आहे आणि बर्फ काढायची प्लॅस्टिकची पट्टी. रबर कुठेच मिळत नव्हतं. तुमचे भावोजी कॅम्प तीनमधल्या आपल्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानापासून पार कॅम्प पाचच्या बाजारापर्यंत फिरले, तेव्हा एका सिंधी काकांकडे सापडलं. काका म्हणाले, "साईं, गाडी के फ्रिज का रबर अलग आता है, संभाल के लगाना." ह्यांनीच तुमच्या गाडीत तो फ्रीज बसवला, तेव्हा रबराची काळजी ह्यांनाच. आमच्या घरच्या फ्रीजचा दिवा वर्षभर बंद आहे तो वेगळा विषय.

आता ह्यांनी सांगितलेलं नीट वाचा. फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ चढला की गारवा खाली उतरत नाही. मशीन थांबायचं नाव घेत नाही आणि बॅटरी खाऊन टाकतं. खालच्या कप्प्यात दादांचं इन्सुलिन आहे, ते तापलं तर काय करणार? म्हणून पुढे निघायच्या आत बर्फ काढायचाच. चालत्या गाडीत नाही हां, पाणी वायरीत जाईल. अंगणात गाडी लावताना फ्रीजच्या दाराची बाजू किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाणी मागे न जाता पुढे येईल. खाली जुने टॉवेल अंथरा. आत जे असेल ते आदल्या दिवशी खाऊन संपवा, उरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. इन्सुलिन तेवढ्या वेळापुरतं लॉजवाल्यांच्या फ्रीजमध्ये द्या. मग बटण बंद करायचं, दार सताड उघडं ठेवायचं आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं. पाणी निवलं की बदलायचं. बस. बाकी काही करायचं नाही.

आणि दादांना बजावून सांगा, चाकू नाही, उलथनं नाही, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नाही. फॅक्टरीतला माणूस, रिटायर झाला तरी हात शिवशिवतात. एक टोचा लागला की गॅस गेला, मग ह्यांना गोकर्णला धावावं लागेल. तसं मलाही यायला आवडेल, पण बोलावलंय कोणी?

बर्फ सुटला की आतून कोरडं पुसा, रबर बदला. रिकामाच फ्रीज चालू करून गार होऊ द्या, मग सामान भरा. गरम किंवा कोमट काहीही आत ठेवायचं नाही. वाफ आत गेली की तिचाच बर्फ होतो. ह्यांचं म्हणणं, रबर एवढंही सैल नाही, कोणीतरी रोज कोमट काहीतरी आत ठेवतंय. "ह्यांना फ्रीज वापरायची अक्कल नाही," असं म्हणाले. तुम्हाला नाही हो, मोघम म्हणाले.

मी मात्र लगेच ओळखलं. आई साय काढतायत ना?

तुम्हाला नवीन असेल, माझ्या घरात हे लग्नापासून चालू आहे. दूध तापलं, निवतंय न निवतंय तोच आई चमच्याने साय काढणार आणि कोमट असतानाच डब्यात टाकून फ्रीजरमध्ये. मी ओरडायचे, "आई, थंड तरी होऊ द्या!" तर म्हणायच्या, "तुझ्या फ्रीजला काय सर्दी होणारे का?" त्या एका डब्यापायी आमच्या फ्रीजरमध्ये गुहा तयार व्हायची. आईस्क्रीम ठेवायला जागा नाही, आमच्या ऋतिकाच्या मैत्रिणी आल्या की लाज. मग मी फ्रीज बंद करायचा आणि आईंनी समोर पाट टाकून गरम पाणी बदलत बसायचं. बसल्या बसल्या माहेरच्या गोष्टी, शेजाऱ्यांच्या उचापती. त्याच सायीला विरजण लावून ताक करायचं, लोणी कढवायचं, आणि तूप गाळलं की कढईत उरलेल्या बेरीत साखर घालून ती कढई माझ्यापुढे सरकवायची. ऋतिकालासुद्धा चमचाभरच. "घुसळलं हिने, बेरी हिची." असा कायदा होता आमच्याकडे.

आता ती बेरी तुमची. खा.

खरं सांगू? जळतेय मी. सरळ लिहितेच आता. माझ्याकडे पंखा दोनवर गेला की आईंचे गुडघे धरायचे, आणि तुमच्या गाडीत एसीखाली पांघरूण घेऊन झोपलेला फोटो! मी इतकी वर्षं सांगतेय, आई, उन्हाला टोपी घाला, तर "मी काय क्रिकेट खेळते का?" आणि परवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर ती लाल टोपी कोणाच्या डोक्यावर होती? वर हातात नारळपाणी, तेही स्ट्रॉने. फोटोवर तुम्ही लिहिलं होतं, 'माय फर्स्ट फ्रेंड'. मी बघितलं, बाजूला ठेवलं, परत बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मैत्रीण करायला तुम्हाला गाडीतला एक महिना लागला. माझं तर त्यांच्याशी रोज वाजायचं. भाजीत मीठ कमी, कपडे उशिरा वाळत घातले, टीव्ही मोठा. तुम्ही सणाला यायचात, साडी द्यायचात, छान बोलून जायचात. रोजचं भांडण माझ्या वाट्याला, फिरायला जायचं तुमच्या वाट्याला.

तर असो.

आमच्या फ्रीजरमध्ये आता बर्फ साचतच नाही. काल दार उघडून बघितलं, कोरडा ठणठणीत. ऋतिकाने आईस्क्रीमचा डबा आणून ठेवलाय, तो कोणी खात नाही.

आणखी एक. परवा बदलापूरला तुमच्या शेजारची जिज्ञासा भेटली होती. म्हणाली, तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये मधली खोली आईंसाठी तयार झालीय, बाथरूममध्ये धरायला दांडाही बसवलाय. छान आहे. दांडा आमच्याकडे नाही. ह्यांना मी दिवाळीपासून सांगतेय. आई बदलापूर गावातल्याच, त्यांना तिकडे आवडेलही. फक्त आधी कळलं असतं तर मी त्यांच्या नऊवारी इस्त्री करून कपाटात लावून ठेवल्या नसत्या, पिशवीतच भरल्या असत्या.

रबर बसवताना आधी गरम पाण्यात बुडवा, म्हणजे मऊ होतं. उत्तर फोनवर देणार असाल तर स्पीकर बंद करून द्या.

तुमची धाकटी जाऊ,
अक्षदा


अंबरनाथ
१६ जानेवारी २०२५

ती. आई,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुम्हाला रोहिणीवहिनी वाचून दाखवतील. वहिनी, मधलं काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही.

आई, काल वहिनींचा फोन आला होता. गाडीतून उतरून किनाऱ्यावर जाऊन केला होता, समुद्राचा आवाज येत होता. म्हणाल्या, पार्सल मिळालं, रबर मिळालं, टॉवेल अंथरले, पाणी उकळलं, आणि आई फ्रीजसमोर स्टूल टाकून बसल्यात. कोणाला हात लावू देत नाहीत. दादांनी समजावलं, वहिनींनी समजावलं, लॉजवाल्या बाईंनी कानडीत समजावलं. तुमचं एकच, "ती साय अंबरनाथची आहे. अक्षीच्या घरी जाऊन घुसळायची. इथे कोणी हात लावायचा नाय."

वहिनी म्हणाल्या, "तीन डबे भरलेत गं. मला वाटलं माझ्या नव्या घरासाठी साठवतायत." एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

आई, मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी इतका आनंद झाला, की फोन कानाला तसाच आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी. हे दुकानातून आले तर विचारतात, लॉटरी लागली का? म्हटलं, असंच समजा. वहिनींनी खोली केली, दांडा बसवला, टोपी घेतली, आणि साय माझी! वहिनी, वाचताय ना? थांबू नका.

मग रात्री जेवायला बसले तेव्हा वहिनींचं रडणं आठवलं. त्यांना मी आजवर कधी रडताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, रडायचं खातं माझ्याकडेच आहे. तेव्हा ताट तसंच झाकून उठले. त्या कोणावर जळत होत्या माहितेय, आई? माझ्यावर. तुमच्या रोजच्या भांडणांवर. म्हणाल्या, "माझ्याशी त्या कधी भांडतच नाहीत गं. पाहुणीसारख्या राहतात."

तर आई, आता माझं ऐका. तिथून उठा. दादांचं इन्सुलिन किती दिवस दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवणार? पोटचा पोरगा आहे तो. फ्रीज रिकामा करू द्या, बर्फ सुटू द्या. साय एकदा वितळली की परत गोठवायची नाही, आंबट होते, हे तुम्हीच मला शिकवलंय. तेव्हा तिथेच विरजण लावा. रवी नसेल तर लॉजवाल्या बाईंकडे मागा, नाहीतर झाकणाच्या डब्यात घालून दादांना हलवायला द्या, त्यांच्या हातांना तेवढंच काम. शेवटचं घुसळून लोणी वहिनींना काढू द्या. तूप त्यांना कढवू द्या, करपलं तर ओरडा. जोरात ओरडा, माझ्यावर ओरडता तसं. त्यांना बरं वाटेल. विड्याचं पान मात्र शेवटीच टाकायला सांगा, आधी नको.

तिथेच गरम भातावर घेऊन खा सगळे. अंबरनाथला एक थेंब आणायचा नाही.

बदलापूरच्या खोलीतही राहा थोडे दिवस. दांडा बसवलाय तर धरा. माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते तुम्ही आल्यावर भांडायला ठेवते. तुमच्या साड्या कपाटातच आहेत. ह्यांनी काल आपणहून आपल्याकडेही दांडा बसवला, जरा वाकडा बसलाय. आईस्क्रीमचा डबा ऋतिकाने संपवला, तो धुऊन पुसून फ्रीजरमध्ये रिकामाच ठेवलाय. दूध मी आजपासून फुलक्रीम घ्यायला लागलेय. तुम्ही येईपर्यंत साय मी काढेन, निवू न देता, कोमटच. होऊ दे गुहा.

आणि बेरी वहिनींना द्या. साखर घालून, कढईतच, पुढे सरकवून द्या. घुसळलं त्यांनी, तर बेरी त्यांची. कायदा म्हणजे कायदा.

पण सगळी नका देऊ हो. चमचाभर माझ्या नावाची काढून ठेवा.

तुमची (वहिनी, हा शब्द जरा मोठ्याने वाचा, आईंना कमी ऐकू येतं),
अक्षी