मर्यादित संबंध

प्रिय ठोंब्या,

सोमवारच्या सुनावणीसाठी तुमच्या डॉक्टर संघटनेने केलेला अर्ज तपासून सोबत परत पाठवते आहे. 'आई, तू ननांच्या शाळेतली, जरा भाषेवर नजर टाक' म्हणालास. लाल पेन घेऊन बसले, आणि चौथ्या ओळीला अशी ताडकन उठले की अजून बूड टेकलेलं नाही! 'इतर कर्मचाऱ्यांचा रुग्णाशी मर्यादित संबंध येत असल्याने जोखीम भत्ता केवळ डॉक्टरांना मिळावा.' व्याकरण निर्दोष आहे हो. अक्कल मात्र गहाण टाकलेली दिसते.

निबंधात 'इत्यादी' लिहिलं की आमची नन हातावर पट्टी ओढायची. म्हणायची, ज्याला पुढची नावं ठाऊक नसतात तो इत्यादी लिहितो. तुला तर ठाऊक आहेत रे! शाळा सुटली की तू आम्हा सिस्टरांच्या ड्यूटी रूममध्ये सलाइनच्या खोक्यावर वही ठेवून गृहपाठ करायचास. आयाबाई तुझं शेंबडं नाक पुसायची. लॅबवाला काका तुला काचपट्टीवरचे जंतू दाखवायचा. डॉक्टर व्हायचं खूळ तुझ्या डोक्यात त्यानेच घातलं. मोठे डॉक्टर खाटेशी दोन मिनिटं थांबायचे. ओकारी, बेडपॅन, थुंकीची बाटली हे दिवसभर कोण बघायचं? इतर! मर्यादित संबंध म्हणे.

तुझा पगार माझ्या डोळ्यात खुपत नाही. दहा वर्षं घासली आहेस, चूक झाली तर मान तुझी अडकते. घे जास्त, हक्काने घे. पण खोकला काही पदवी विचारून अंगावर येत नाही. भत्ता जोखमीचा आहे ना? मग जो जोखीम घेतो त्याला द्या.

तू सात वर्षांचा असताना मी तीन महिने 'ट्रेनिंगला' गेले होते, आठवतं? परत आले तेव्हा माझी हाडं बघून तू विचारलंस, तिथे जेवायला देत नव्हते का? ट्रेनिंग कसलं डोंबलाचं! वॉर्डातल्या पेशंटकडून क्षय घेतला होता आणि त्याच वॉर्डात शेवटच्या खाटेवर पडून होते. पलीकडच्या खोलीत आमचे डॉक्टर. पेशंट तोच, आजारही तोच. दोघं एकाच दिवशी कामावर रुजू झालो. त्यांची रजा धरली 'कर्तव्य बजावताना आजार'. माझी 'वैयक्तिक कारण'. तेव्हा मी गप्प बसले. जन्मात तेवढी एकदाच.

आता ऐक. सोमवारी तुमच्याविरुद्ध कुणीतरी निवृत्त सिस्टर बोलणार म्हणून तुम्ही मंडळी हसत होतात ना? 'म्हातारी काय दिवे लावणार', असं? ती म्हातारी मीच! चार वेळा आरशासमोर भाषण केलंय. पहिलं इंजेक्शन देताना धडधडली होती तशी छाती धडधडते आहे, आणि मजा येते आहे! तू माघार घेऊ नकोस, कडकडून भांड. पण त्या रजेची गोष्ट मी तिथे सांगणार आहे. ती तू चारचौघांत पहिल्यांदा ऐकावीस हे मनाला पटेना, म्हणून हे पत्र. बाकी चुका दुरुस्त केल्यात. चौथ्या ओळीतल्या पहिल्याच शब्दाभोवती नुसतं वर्तुळ काढलंय. तो तूच खोड, नाहीतर माझ्या डोळ्यांत बघून मोठ्याने वाच.

तुझीच,
आई
(इतरांपैकी)