लाकडी टेबलावर केलेली सही

मी, वय सव्वीस, धंदा फिरस्ती आणि अधूनमधून कॉइल गुंडाळणे, डोकं ठिकाणावर असताना (आमच्या कारखान्याच्या शेठला हे पटणार नाही) आणि कुणाचीही जबरदस्ती नसताना हे मृत्युपत्र लिहितो. सोमवारपासून मोबाइलच्या टॉवरवर चढायची नोकरी आहे. तिथल्या कारकुनाने विचारलं, "वर काही झालं तर मागे कोण?" मी म्हटलं, "मावशी." "मग लिहून ठेवा काहीतरी." म्हणून हे.

१. घर, जमीन नाही. तंबू आणि बूट थोरल्या दादाला. तो वापरणार नाही, पण कपाट उघडेल तेव्हा चिडेल. तेवढंच समाधान.

२. माझी वही गुंडाळीवाल्या ताईला. व्हीलचेअरसाठी बिनतारी चार्जिंगचं पॅड आम्ही दोघांनी बनवलं. जमिनीवर एक कॉइल, खुर्चीच्या तळाला दुसरी, मध्ये तीन सेंटिमीटर हवा, आणि चुंबकाच्या जोरावर वीज पलीकडे. केसाएवढ्या तारांची वेणी ताईने तीनदा उसवून वळली, तेव्हा शंभरातले एक्क्याण्णव भाग पोचले. शेठने माहितीपत्रकावर फोटो छापला तो स्वतःचा. वही ताईने वाटेल त्याला दाखवावी, शेठ सोडून.

३. शेठला टाचणीसुद्धा मिळू नये. खालच्या कॉइलखाली आम्ही फेराइटच्या काळ्या लाद्या लावायचो. त्या चुंबकाचा जोर खाली सांडू देत नाहीत. याने त्या काढल्या. "टेबलावर अठ्ठ्याऐंशी येतंय ना? मग कशाला हव्यात?" टेबल लाकडी! लोखंडाजवळ आकडे बिघडतात म्हणून आम्ही सगळे तिथेच मोजतो. लोखंडावर ठेवलं तर काय होतं, हे कुणीच पाहिलं नाही. चाचणीच्या कागदावर सही माझी. मला डोंगराकडे जाणारी बस गाठायची होती.

४. हत्यारांची पेटी मावशीला. तिच्या नव्या खोलीत मी अजून गेलेलो नाही, म्हणून इथे लिहिणं थांबवून फोन केला, पेटी मावेल का विचारायला.

"मावेल रे. तुझं पॅड झकास आहे हं, खोली कशी उबदार राहते!"

"उबदार? खाली फरशी आहे ना?"

"कसली फरशी! लोखंडी पत्रा, वर चटई. पॅडशेजारी पाय टेकतात तिथे टाचेला फोड आलाय, पण दुखत नाही."

दुखेल कसं? कमरेखाली तिला काही कळतच नाही. लाद्या नाहीत, म्हणून खाली सांडलेल्या जोराने पत्रा तव्यासारखा तापत होता.

"मावशी, बटण बंद कर. आत्ता."

"आणि खुर्ची कशावर चालेल? हे कसलं खूळ!"

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. तिने बंद केलं.

मग शेठला फोन लावला. म्हणाला, "सही कुणाची आहे ते बघ आधी." हलकट. आणि खरं बोलला, म्हणून जास्त झोंबलं.

५. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. अशी बारा पॅडं लागली आहेत. मावशीचं सोडून उरलेल्या अकरा घरी ताईने फोन करून बटणं बंद करवली. लाद्या आम्ही शेठच्या गोदामाचं कुलूप तोडून घेतल्या आहेत. पहिलं घर मावशीचं, सोबत तारेचा जुना चार्जर. शेठला फिर्याद करायची असेल तर हाच कागद पुरावा धरावा. चाचणी अपुरी होती, ठाऊक असून मी सही केली, हेही त्यात आलं.

लिहून देणार: मी (सही)

साक्षीदार: १. गुंडाळीवाली ताई (सही). कुलपावर पहिला हातोडा माझा होता, हे लिहायचं राहिलं.
२. टेम्पोवाला (अंगठा, हातात स्टिअरिंग आहे)

स्थळ: कारखान्याचं मागचं फाटक
दिनांक: ११ ऑगस्ट, दुपारचे सव्वातीन