बावीस सेंटिमीटर

२५ मार्च २००६, शनिवार
पाच बार्स मासे मिळाले! पाचही गळाच्या त्या एकाच फिरकीवर — संहिताने दुकानात निवडलेली, लाल दोऱ्याची, करंगळीच्या नखाएवढी. मासे मात्र सगळे लहान. ती कालव्याच्या काठावर फतकल मारून बसते, शाळेची पट्टी लावते आणि निकाल देते — "एकोणीस. लहान आहे. परत ठेव." बावीस सेंटिमीटरच्या आतला बार्स पाण्यात परत, असा इथला कायदा. मी म्हटलं, अगं, "सोडून दे" म्हणतात मराठीत. "नाही. सोडलं की पडतो. हळू ठेवायचा." सात वर्षांची पोर, बाकी सगळं डचमध्ये बोलते, मराठीतली चार वाक्यं येतात, त्यातलं हे एक.

आई पुण्याहून फोनवर विचारते, आपण खात नाही, तर धरतोस कशाला? काय सांगू. शनिवारी पोरगी माझ्याकडे असते, म्हणून धरतो.

३१ मार्च
उद्यापासून फिरकीला बंदी, थेट मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. माशांचे अंडी घालायचे दिवस. फिरक्यांचा डबा कपाटावर ठेवला.

८ एप्रिल, शनिवार
मृणालिनी संहिताला सोडायला आली आणि दारातच सांगितलं. तिचं काँट्रॅक्ट संपतंय. मेअखेर पुण्याला परत जातेय, कायमची, पोरीला घेऊन. माझी सही लागेल.

मी म्हटलं, मला आठ महिने राहिलेत इथल्या पासपोर्टच्या अर्जाला. सवाचार वर्षं काय इथे गोट्या खेळलो? ती म्हणाली, "मग बस पासपोर्ट उराशी धरून." वेगळे होऊन दीड वर्ष झालं, तरी शेवटचं वाक्य तिचंच.

राग आला असं लिहिणार होतो. घाबरलो, हे खरं.

२२ एप्रिल
सही केली नाही. वकीलबाई म्हणाल्या, भांडता येईल. मृणालिनीचा फोन — "भांड की. पण तुला शनिवार पुरतो रे. बाकीचे सहा दिवस कोण बघणार तिच्याकडे?"

ऑफिसातून सातच्या आत मी कधी निघालोय?

६ मे
सही केली.

९ मे
तिकिटं आली. शुक्रवार, २६ मे. फिरकीची बंदी उठते २७ला! एक दिवस. एकच दिवस पुढचं तिकीट काढायला काय झालं होतं हिला?

२० मे, शनिवार
शेवटचा शनिवार. मी गुपचूप डबा बरोबर घेतला. एकदाच टाकू या, कोण बघतंय. फिरकी बांधायला लागलो तर संहिताने हात धरला. "बाबा, नाही. ते अंडी घालतायत." आणखी शिकवा पोरीला कायदा! मग पावाचे तुकडे पाण्यात टाकत बसलो. बारके मासे वर येत होते. पट्टी तिच्या मांडीवर तशीच होती.

घरी येताना विचारलं, पुण्याला जायला आवडेल? खांदे उडवले. हे खांदे उडवणं माझंच घेतलंय तिने.

२६ मे, शुक्रवार
स्खिपोल विमानतळावर गेलो. मृणालिनी बॅगांच्या रांगेत. संहिता माझ्याजवळ, दप्तर पाठीवर. एकदम म्हणाली, "बाबा, मी लहान आहे ना?" वाटलं, विमानाची भीती वाटतेय. म्हटलं, हो गं, लहानच आहेस तू.

तिने मान हलवली. रडली नाही, काही नाही. "म्हणून परत ठेवतोयस."

जवळ घेतलं, तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली. घरी, फोरबर्गपर्यंत ट्रेनमध्ये रडलो, समोर माणसं बसली होती तरी. चुकलो मी. सही करून नाही, इथे उरून चुकलो.

२७ मे, शनिवार
बंदी उठली. कालव्यावर गेलो नाही. सकाळी राजीनामा पाठवला. खडकवासल्याला बारीक मासे मिळतात का, कोणाला तरी विचारायला हवं.