थर्मनकाकाची पेंगती तबकडी

प्रिय ओडेलामावशीस र्‍यूबेनचा लांबूनच नमस्कार (तुझ्या हाताच्या टप्प्यात यायची छाती नाही). तुझे गुडघे, चर्चमधल्या तुझ्या मैत्रिणी आणि ती दिसेल त्याला टोचणारी कोंबडी, सगळी खुशाल असावीत. पत्राला उशीर झाला, कबूल. लिहायला बसलो की कुणीतरी मासे धरायला चल म्हणायचं. शिवाय लिहायचं ते थर्मनकाकाबद्दल, आणि त्याचं नाव काढायचं नाही असा तुझा हुकूम.

तर आता काढतोच. तू त्याला कॅन्सस सिटीतल्या घरातून हाकललंस ते योग्यच केलंस. सॅक्सोफोनच्या तोंडाची वेताची पट्टी आणतो म्हणून थंडीत बाहेर पडलेला नवरा कलिंगडं पिकल्यावर परत येतो, त्याची काय आरती ओवाळायची? पण मावशी, त्याचं वाजवणंही तसंच आहे. ठेका पुढे निघून जातो, बाकीचे त्याच्यामागे धावतात, आणि काका आपला दारात पाय पुसून, टोपी खुंटीला लावून सावकाश आत येतो. लोक याला शैली म्हणतात, तू आळस म्हणायचीस. (मी दोघांच्याही ताटात जेवलोय, तेव्हा गप्प बसतो.)

इथे मस्कोगी गावात मी, काका आणि त्याचे वाजवणारे साथीदार मिस लूवीनियाच्या खाणावळीत उतरलोय. तिच्याकडे नाणं टाकून वाजवायची पेटी आहे आणि त्यात काकाने वाजवलेल्या धुनेची ती जुनी तबकडी. पेटीचं यंत्र म्हातारं झालंय, तबकडी पेंगत फिरते. काकाचा सूर आधीच जाड, त्यात काकवीत बुडवून काढल्यासारखा येतो. गावाला मात्र तीच धून ठाऊक. तिच्यावर लग्नं जुळली, भांडणं मिटली. मध्येच काका थांबतो ना, तिथे सगळ्या बायका मिळून हसतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, तिथे हसायचंच असतं.

पहिल्याच शनिवारी काकाने ती धून मूळ गतीने, झपाझप वाजवली, तर नाचणारे जागच्या जागी उभे. मिस लूवीनिया म्हणाली, "दादा, वाजवतोस बरा, पण आमच्या थर्मनची नक्कल तुला जमायची नाही." काकाने स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा तिला दया आली आणि तिने त्याला आणखी एक तळलेला मासा वाढला.

दुसऱ्या दिवशी तो पेटीला कान लावून बसला. त्या थांबण्याच्या जागी एक बारीक चीत्कार आहे. पट्टी ओली होती, असं म्हणून काका आजवर त्याबद्दल माफी मागत आला. पण पेंगत्या पेटीत तो आवाज उलगडतो आणि कळतं, कुणी बाई हसतेय. काकाचा घास हातातच राहिला.

"ही ओडेला," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या दिवशी घाईत दोन पायांत दोन जातीचे बूट घालून गेलो होतो. कोपऱ्यात बसली होती ती."

संध्याकाळी त्याने धून गावाच्या गतीने वाजवली. ती जागा आली, सगळ्या बायका हसल्या (पेटीतून उचललेलं तुझंच हसू, फक्त म्हशीएवढं जाड), आणि काका पुढे वाजवेचना. वाद्य तोंडात, डोळे मिटलेले. ड्रमवाला वाट बघून दमला. शेवटी मिस लूवीनिया हळूच म्हणाली, "ये रे बाबा आत. इथं कुणी हाकलत नाही."

मग तो आत आला. मावशी, तसं वाजवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. नाचायचं कुणाला सुचलंच नाही.

तुझा,
र्‍यूबेन

ता. क. हे पत्र मी आपण होऊन लिहितोय. काकाचा काही संबंध नाही.

ता. क. संबंध आहे. थँक्सगिव्हिंगला मागच्या दाराने आलं तर चालेल का, असं तो विचारतोय. वेळेवर येईन म्हणतो. मी हमी घेत नाही.

ता. क. मिस लूवीनियाने मध्यंतरी माझ्याकडून तुझा पत्ता घेतला होता, रताळं भरून भाजतात त्या गोड 'पाय'ची कृती मागवायची म्हणून. कृती काही आली नाही. पण आत्ता खाली ते हसू ऐकू आलं. पेटी बंद आहे, आणि हसू जाड नाही, मूळ गतीचं आहे. तेव्हा पत्र पोस्टात टाकत नाही, खालीच तुझ्या हातात आणून देतो. जरा दमाने येतो, कारण जिन्यात काका आहे. ठेक्याच्याही पुढे धावत सुटलाय, दोन पायांत दोन जातीचे बूट.