सभेच्या दिवशी पाणी नाही

२८ डिसेंबर २००३
पडले! भरसभेत, माईक हातात धरून. घोडेगावच्या पुढच्या वाडीत दारूबंदीची सभा. सकाळचे आठ, बोटं बधिर करणारी थंडी. शेकोटीपाशी बसले होते. नाव पुकारलं तशी ताडकन उठले – आणि दुसऱ्याच वाक्याला डोळ्यांपुढे काळोख. सोबतच्या झुंबरबाईंनी मागून धरलं नसतं तर डोकं दगडावरच आपटलं असतं. शुद्धीवर आले तर कुणीतरी म्हणत होतं, "दारूबंदीच्या सभेत ताईच झिंगल्या की वो!" पडल्यापडल्या हसले.

२९ डिसेंबर
जुन्नरला डॉक्टरांकडे. गेल्या वर्षीच्या ॲटॅकमधून यांनीच वाचवलं. म्हणाले, थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला जास्त राबावं लागतं. त्यात प्रेशरच्या गोळ्या, त्यात तुमचं एकदम उठणं. मग – "पाणी पिता ना पुरेसं?"
"हो, भरपूर."
खोटं! तीस वर्षं व्यासपीठावरून सत्याच्या नावानं गर्जले, आणि एवढ्याशा प्रश्नाला खोटं बोलले. पण सांगू काय? वाड्यावस्त्यांवर बाईनं जायचं कुठं? सभेच्या दिवशी उठल्यापासून पाण्याचा घोट नाही – तरुणपणापासूनचा नियम.
निघताना म्हणाले, "आणखी एकदा चक्कर आली तर भाषणं बंद."
भाषणं बंद म्हणजे मी बंद!

३१ डिसेंबर
सभेहून परतताना एसटीतून उतरले, पुन्हा भोवळ. खांब धरला. कुणाला सांगितलं नाही.

२ जानेवारी २००४
झुंबरबाई घरी आल्या. टेकायच्या आधीच – "ताई, सभेला येताना पाणी पित न्हाई ना तुमी?"
दचकले. "कुणी सांगितलं?"
"कोन सांगतंय! तांब्या दिला की नुसता व्हटाला लावून परत देता. मी काय आंधळी हाय? चला, उठा. हळू उठा!"
हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तिथं सगळं खरं बोलले. डॉक्टर रागावले नाहीत, भाषणंही बंद केली नाहीत. एक गोळी कमी केली. दिवसाचं पाणी पेल्यांनी ठरवून दिलं – कमी नाही, जादाही नाही. कान बांधायचे. उठण्याआधी पाय हलवायचे, मग उभं राहायचं.
कपाटभर पुस्तकं वाचली मी. साधा तांब्या उचलायला मात्र झुंबरबाई लागल्या!

७ जानेवारी
पाच दिवस झाले, डोकं स्वच्छ! सभा असेल तिथं झुंबरबाई आधीच निरोप धाडतात, "ताईंसाठी आडोसा करा." आज चार बांबू रोवून गोणपाटं बांधली होती. लाजले, आणि डोळेही भरले. पाऊण तास बोलले – न थांबता, न डगमगता. किती जणींची ऋणी आहे मी!

११ जानेवारी
लोणी गावची सभा. दोनशे बायका. भाषण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आज पाणी न पिता कोण कोण आलंय?"
आधी खसखस पिकली. मग एकेक करत हात वर – पार मागच्या रांगेपर्यंत.
पहिला हात झुंबरबाईंचा.